हलगीतली अर्धी मात्रा

सोलापुरात मिरवणूक निघायला फार मोठं कारण लागत नाही. गणपती, जयंत्या, उरूस, वराती, निवडून आलेला नगरसेवक. एकदा तर मी पडलेल्या उमेदवाराचीही मिरवणूक पाहिली आहे, कारण गाडी आणि स्पीकरचे बॉक्स आधीच ठरलेले होते आणि पोरं नाचायच्या तयारीने आली होती.

या सगळ्यांना वाजवायला काहीतरी लागतं. ते काहीतरी बनवणं हा माझा धंदा होता. मी गायक नाही, संगीतकार नाही, मी मिक्स करणारा. मिक्स म्हणजे काय, ते ज्यांच्या खिडक्यांच्या काचा अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी सांगतो. कुणाचं तरी गाणं घ्यायचं, त्याच्या खाली आपला ठेका घालायचा, मधेमधे मंडळाचं नाव घुमवायचं आणि छातीत धडधडेल इतका जड आवाज खाली भरायचा. गाण्याचे शब्द ऐकू आले नाहीत तरी कुणाची तक्रार नसते. ठेका चुकला तर मात्र पोरं खोलीवर येतात.

खोली म्हणजे पूर्व भागात एका लॉन्ड्रीच्या वरचा माळा. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि खालून येणारी इस्त्रीची वाफ. आमच्या घरी तेलुगू बोलतात. आई एकदा खोली बघायला आली, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "एं गोल रा इदि?" म्हणजे, हा काय गोंगाट लावलायस? तिला पटेल असं उत्तर मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

त्याआधी मी बेंजो वाजवायचो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य आता लग्नातसुद्धा दिसत नाही. बेंजो पार्टी म्हणजे हातगाडीवर कर्णे, मागे जनरेटर, एक बेंजोवाला, एक इलेक्ट्रॉनिक पॅडवाला आणि चार ढोलताशे. जनरेटरने मान टाकली की बेंजो आणि पॅड मुके, मग ताशावाले आमच्याकडे बघून हसत हसत वाजवायचे. पुढे बॉक्सच्या भिंती आल्या आणि आम्ही सगळेच मुके झालो. मी वेळेवर कॉम्प्युटर शिकलो म्हणून तरलो. बाकीच्यांपैकी एक रिक्षा चालवतो, एक भेळेची गाडी लावतो. बेंजो कुणाच्याच घरी नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मंडळाचे अध्यक्ष यायचे, डोळे मिटून पूर्ण मिक्स ऐकायचे आणि म्हणायचे, "झकास झालंय. फकस्त नाव कमी वाटतंय." गाण्यात नाव घालून घालून शेवटी नावात गाणं घालायची वेळ यायची. एका वर्षी एकाच नावाची दोन मंडळं माझ्याकडे आली. दोघांची जुनी खुन्नस. मी एकच मिक्स दोघांना दिलं. चौकात दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या आणि एकमेकांच्या नावाचा जयघोष करत उभ्या राहिल्या. प्रत्येकाला वाटलं की समोरच्याने माघार घेतली. त्या वर्षी भांडण झालं नाही. माझ्या हातून झालेलं हे बहुधा एकमेव समाजकार्य असावं.

पण मला लिहायचंय ते हलगी मिक्सबद्दल. आता हा प्रकार सगळ्या जिल्ह्यात, पलीकडे विजापूरपर्यंत वाजतो. तो सुरू कसा झाला, हे माझ्याशिवाय दोघांनाच ठाऊक आहे. त्यातला एक तर असं काही घडलं हे मानायलाच तयार नाही.

सोलापूरचं खरं नाचणं म्हणजे लेझीम. गणपतीच्या आधी कितीतरी दिवस मैदानांवर सराव चालतो. रांगा लावून पोरंपोरी उभी राहतात, हातात लेझीम, पुढे हलगीवाला. हलगी म्हणजे कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. पॅडचे तयार ठेके लेझमीला चालायचे नाहीत, त्यामुळे बॉक्स लावणाऱ्या मंडळांना लेझीम सोडावी लागायची. आमच्या जवळच्याच एका मंडळाच्या अध्यक्षांना दोन्ही हवं होतं. ते म्हणाले, "मास्तर, हलगी रेकॉर्ड करा आणि बॉक्समदनं वाजवा की. तुमचं डोकं हाय, लावा जरा."

त्यांनी नागूअण्णाला पाठवलं. मूळचा वळसंगकडचा, शहरात येऊन वीसेक वर्षं झालेला, उंच, कमी बोलणारा हलगीवाला. माळ्यावर आल्या आल्या त्याने वर्तमानपत्राचे बोळे करून पेटवले. हलगीचं कातडं शेकल्याशिवाय बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. पण अंड्यांच्या ट्रेंना ते ठाऊक नव्हतं. आग विझवून झाल्यावर मी त्याला माइकसमोर उभं केलं. त्याने चार टोले दिले आणि थांबला.

"हितं न्हाय जमायचं."

"का? काय झालं?"

"पाय कुटं हायत? पाय दिसल्याबिगर हात कसा चालंल?"

मग मीच माइक घेऊन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गेलो. तिथे सराव चालू होता. पहिल्या रांगेच्या टोकाला एक मुलगी उभी होती, सातवी-आठवीतली असेल. डावा पाय पोलिओने बारीक झालेला. ती नागूअण्णाची मुलगी, रेखा.

ती रांगेत होती ते भांडून. अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. त्यांनी सुचवलं होतं की हिला गाडीवर देवाशेजारी बसवू, भरजरी लुगडं नेसवू, फोटो चांगले येतील. रेखा म्हणाली, "मला न्हाई गाडीवर बसायचं. मी काय मूर्ती हाय का?" आणि रडली नाही, नुसती रांगेत जाऊन उभी राहिली. अध्यक्षांनी सांगितलं की ठीक आहे, रांग बिघडली नाही तर राहील, बिघडली तर गाडीवर. म्हणजे त्या पोरीचं मिरवणुकीत चालणं एका अटीवर होतं आणि ती अट सगळ्या मैदानाला माहीत होती.

मी रेकॉर्डिंग केलं. खोलीवर येऊन कॉम्प्युटरवर चढवलं. पडद्यावर प्रत्येक टोला आपापल्या चौकटीत बसत होता, पण एके ठिकाणी सगळं सरकत होतं. लेझमीत एक वळण असतं: सगळी रांग एका पायावर गर्रकन फिरते, तोंड मागे करते आणि दुसरा पाय टोल्यावर जमिनीला लावते. त्या टोल्याआधी नागूअण्णा दर वेळी अर्धी मात्रा जास्त थांबला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात ढिला पडतोय. तसा तो तेव्हा म्हातारा नव्हता, पण आम्हा मशीनवाल्यांना हाताने वाजवणारा कुणीही म्हाताराच वाटायचा. मी ती अर्धी मात्रा कापली. सगळं कसं सरळ आणि चोख झालं.

नागूअण्णाला ऐकवलं. वळण आलं तसा त्याने हात वर केला.

"मास्तर, ताल मोडला तुमी."

"मोडला नाही, सरळ केला. तुम्ही तिथं थांबताय."

तो उठून जिन्याकडे निघाला. मग म्हणाला, "उद्या मैदानावर या आणि माजा हात बघू नका. तिचा पाय बघा."

दुसऱ्या दिवशी मी पाहिला. रेखा वळायची ती बाकीच्यांच्या बरोबरीनेच, पण बारीक पाय जमिनीला लागायला क्षणभर उशीर व्हायचा. त्या क्षणभरासाठी हलगी थांबायची. हलगी थांबली की सगळी रांग थांबायची. रांग थांबली की टोला सगळ्यांच्या पायांवर एकदम पडायचा आणि रांग बिघडलेली नसायची. पोरीला वाटायचं, ताल असाच आहे. बाकीच्या पोरींनाही तसंच वाटायचं, कारण त्यांनी दुसरा ताल ऐकलेलाच नव्हता.

सराव संपल्यावर नागूअण्णा माझ्याजवळ आला. हलगी पिशवीत घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताल तसाच हाय म्हणून सांगायचं. कुनीबी इचारलं तरी. तिनं इचारलं तरी."

मी हो म्हटलं आणि अर्धी मात्रा परत घातली. मिरवणुकीला रेखा पहिल्या रांगेच्या टोकाला होती, सुरुवातीपासून विसर्जनापर्यंत. बॉक्समधून तिच्या बापाची हलगी वाजत होती, आणि बाप बाजूला उभा राहून ऊस खात होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने उसाचं कांडं पुढे केलं.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मिक्सचं तसं नसतं. एकदा खोलीबाहेर गेलं की ते कुणाचंही असतं. आधी सीडीवरून, मग पेनड्राइव्हवरून, मग मोबाइलवरून ते गावोगाव गेलं. नाचणाऱ्या पोरांना ते अडखळणं भलतंच आवडलं. ऐन भरात ठेका थांबतो, सगळे हात वर करून तरंगत राहतात आणि मग टोला पडतो. पोरं त्याला 'दम' म्हणायला लागली. गिऱ्हाइकं येऊन सांगायची, "दम पायजे बरं का त्यात." मग प्रत्येक मिक्समध्ये मी तो घातला. दुसरे मिक्सवाले तो उचलून आपापल्या मिक्समध्ये घालू लागले. कुणी त्याच्यावर भोंगा वाजवला, कुणी काच फुटल्याचा आवाज टाकला. ठेक्याची गती वर्षागणिक वाढत गेली. लेझीम कधीच मागे पडली, कारण त्या गतीला फक्त उड्या मारता येतात. तरी दम तिथेच राहिला.

एकदा अक्कलकोटकडचा एक म्हातारा शेतकरी आला. बैलांच्या मिरवणुकीसाठी हलगी मिक्स हवं होतं. घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन परत आला. चिडून कानडीतच सुरू झाला, "एत्तु हेदरतैती!" पुतण्याने मराठीत सांगितलं की बैल घाबरतोय, खालचा आवाज सुरू झाला की थेट उसात शिरतो. मी खालचा आवाज काढला. म्हणाले, भोंगा काढा. काढला. गाणं काढा. तेही काढलं. शेवटी उरली नुसती हलगी. ती ऐकून म्हातारा खूश झाला आणि मराठीत म्हणाला, "लई ब्येस. पन मग ह्यात तुमी काय केलं?" मी खरं ते सांगितलं, की काहीच नाही. माझ्या कामाचं त्याच्याइतकं मनापासून कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

कौतुकावरून आठवलं म्हणून सांगतो, या धंद्याचा मला अभिमान आहे तितकीच त्याची लाजही आहे. माझा डावा कान मिरवणुकांच्या कामी आला. आमच्याच गल्लीत एक आजारी माणूस मिरवणुकीच्या दिवसांत कानात कापूस घालून न्हाणीघरात बसायचा. त्याच्या मुलाला मी ओळखायचो. तो मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मग आवाजावर बंधनं आली. चौकाचौकात आवाज मोजणारे पोलीस उभे राहू लागले, बॉक्सच्या भिंती कमी झाल्या आणि मंडळांना पुन्हा हलगीची आठवण आली. पण जुने वाजवणारे थकलेले. नवी पोरं शिकली ती मोबाइलवरचं मिक्स ऐकून. एका मिरवणुकीत मी उभा होतो. समोरून तरण्या पोरांचं हलगीपथक आलं, डोक्याला फेटे, गळ्यात हलग्या. वळण आलं आणि सगळ्यांनी मिळून दम घेतला. हलगीवरून मिक्स झालं होतं, आता मिक्सवरून हलगी होत होती. मी त्यातल्या एकाला विचारलं, इथे थांबता ते का? तो म्हणाला, "काका, ही पारंपरिक चाल हाय. पयल्यापास्नं अशीच." मी मान डोलावली. ताल तसाच आहे म्हणून सांगायचं, असा मी शब्द दिलेला होता.

मी मशीन विकायला काढलं त्याच सुमारास रेखा माळ्यावर आली. आता ती एका शाळेत मराठी शिकवते. लेझीमही तिच्याकडेच आहे. जिना चढून आल्यावर तिने खुर्ची ओढली आणि पाय लांब केला. वयाबरोबर तो पाय तिला जास्त त्रास देतो, हे न विचारता कळत होतं.

"काका, एक काम आहे. शाळांच्या लेझीम स्पर्धा आहेत. गेल्या वर्षी आमचा पहिला नंबर हुकला. परीक्षक म्हणाले, रांग वळताना थबकते. आम्ही वाजवतो त्या हलगी मिक्समधला तो दम काढून द्या मला. लहानपणी मलाही वाटायचं ताल असाच आहे, पण डीजेचं खूळ आहे ते. पोरींच्या पायांत बसलंय."

मी म्हटलं, "राहू दे की. चांगला दिसतो."

"चांगला कसला? माझ्या पोरींचे पाय धडधाकट आहेत. त्यांनी का थांबायचं?"

नागूअण्णाला दिलेला शब्द एकीकडे, आणि तिच्या पोरींचा नंबर दुसरीकडे. मी सरळ मिक्स करून दिलं. आयुष्यात दुसऱ्यांदा ती अर्धी मात्रा कापली. कापताना वाईट वाटलं.

आठवड्याने तिचा फोन आला. सरळ ठेक्यावर पोरींचं जमेना. अर्ध्या थांबायच्या, अर्ध्या वळायच्या, लेझमी एकमेकींवर आपटायच्या. "बाबांनाच बोलावते," ती म्हणाली. "समोर हलगी असली की वळतील. तुम्हीपण या, कुठं चुकतंय ते तुमच्या कानाला कळेल." कुठे चुकणार, ते मला आधीच कळलं होतं. तरीही गेलो.

शाळेच्या मैदानावर नागूअण्णा खुर्चीत बसला होता. ऐंशीच्या घरात आला असेल. त्याने कागद पेटवून हलगी शेकली. इथे जळायला ट्रे नव्हते, हे त्याने माझ्याकडे बघून खुणेने सांगितलं. रेखाने पोरींना बजावलं, "आजोबा सरळ वाजवणार आहेत. वळताना कुणीही थांबायचं नाही." मग तिने साडीचा पदर खोचला, लेझीम घेतली आणि दाखवायला म्हणून पहिल्या रांगेच्या टोकाला उभी राहिली.

हलगी सुरू झाली. हात थकलेला, पण टोला स्वच्छ. वळण आलं. पोरी सांगितल्याप्रमाणे सरळ वळल्या, त्यांच्या लेझमी खणकन वाजल्या. हलगी मात्र थांबली होती. मिक्समध्ये थांबते त्याहूनही जास्त. मग टोला पडला, आणि त्या टोल्यावर सगळ्या मैदानात एकच पाय जमिनीला लागला.

पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बाई, आजोबा चुकले."

"न्हाय चुकलो," नागूअण्णा म्हणाला.

रेखाने लेझीम सावरली. तिने पुन्हा सुरू करायची खूण केली. वळण आलं, ती वळली आणि या वेळी तिने तो पाय मुद्दाम वरच धरून ठेवला. पोरी कधीच वळून उभ्या होत्या. नागूअण्णाची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, खाली होती. टिपरू हवेत थांबलेलं. पाय खाली येईना, टिपरूही खाली येईना. मग तिने पाय टेकवला, आणि टोला पडला.

तिने लेझीम खाली केली. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"बाबा?" तिने नागूअण्णाला विचारलं. "तुमी माज्यासाठी थांबत होता व्हय?"

"मी कुटं थांबलो?" नागूअण्णा हलगीचं कातडं अंगठ्याने दाबून बघत म्हणाला. "ताल तसाच हाय."

मला भरून आलं, आणि ते लपवायला मी विझलेला कागद पायाने चाळवत राहिलो. रेखाने पदराने तोंड पुसलं. मग ती पोरींकडे वळली.

"आजोबा बरोबर आहेत. आपणच घाई करतोय."

"पण बाई, परीक्षक..."

"परीक्षकांना काय लिहायचं ते लिहू दे. लेझीम उचला."

नागूअण्णाने हलगी पुन्हा शेकून घेतली. रेखा रांगेच्या टोकाला आपल्या जागी जाऊन उभी राहिली. वळण आलं, आणि या वेळी सगळ्या थांबल्या.